भंगार समितीपुढे जपानी

भंगार समिती वर्षातून एकदाच बसते, आणि बसली की काहीतरी घेऊनच उठते. तिची पद्धत अशी: पहिल्या वर्षी वस्तूवर लाल चिठ्ठी लावायची, दुसऱ्या वर्षी वस्तू उचलायची. मधल्या बारा महिन्यांत कोणी ती चालू करून दाखवली तर चिठ्ठी काढायची, असंही नियमात आहे. पण रंगाच्या त्या कारखान्यात आजवर एकही चिठ्ठी निघालेली नव्हती. एकदा तर एका धडधाकट कपाटाला चिठ्ठी लागली. त्याचा गुन्हा एवढाच, की समिती आली तेव्हा ते दारात उभं होतं. कपाट चालू करून कसं दाखवायचं हे कोणाला सुचेना, आणि वर्षाने ते गेलं.

म्हणून प्रयोगशाळेतल्या जपानी यंत्रावर चिठ्ठी लागली तेव्हा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई आधी खुर्चीत बसल्या आणि मग घाबरल्या. बाईंचं सगळं असं क्रमाने असे.

ते यंत्र रंगाचा दाटपणा मोजायचं. रंगाच्या भांड्यात एक दांडी बुडवायची, ती फिरायची, आणि फिरताना तिला किती जड जातंय त्यावरून रंग किती दाट ते कळायचं. सव्वीस वर्षं ते यंत्र आणि बाई एका खोलीत होती आणि दोघांचा आवाज सारखाच कमी होता. आता मात्र त्याच्या छोट्या काचेत ‘३१’ असा आकडा उमटे, आतून दोनदा टक टक होई, आणि दांडी जागची हलत नसे.

समितीचे अध्यक्ष म्हणजे खरेदीसाहेब. चिठ्ठीच्या चारही कडा अंगठ्याने नीट दाबत ते म्हणाले, “बाई, मनाला लावून घेऊ नका. यंत्र गेलं की नमुने बाहेर तपासायला पाठवू. ही खोली खोक्यांना होईल. तुमचीही सोय केलीय. आवक-जावकमध्ये, खिडकीजवळ.”

“तिथे काय करायचं?”

“पाकिटांवर शिक्के.”

बाई रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी., त्याही पहिल्या वर्गातल्या. त्यांनी शिक्का मारतानाची हाताची हालचाल मनातल्या मनात करून पाहिली आणि विचारलं, “एकतीस म्हणजे काय, ते कळलं तर?”

“पुस्तिकेत असेल. पण पुस्तिका जपानीत आहे, आणि तो वर्षाला एकदा येणारा मेकॅनिक आता येत नाही.”

“मग मी जपानी शिकते,” बाई म्हणाल्या. ‘मग मी खिडकी लावून घेते’ म्हणावं इतक्या साध्या आवाजात त्या हे म्हणाल्या, म्हणून खरेदीसाहेब हसले नाहीत. बाहेर जाऊन हसले.

घरी नवऱ्याने ताटावरून मान वर केली. “जपानी? अगं, तुला समोरच्या वहिनींशी आपल्या भाषेत चार वाक्यं बोलायची तर घाम फुटतो.”

“शिकू दे रे,” सासूबाई म्हणाल्या. “निदान त्या भाषेत तरी बोलेल काही.”

वर्ग एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खालून भोक पाडायच्या यंत्राचा आवाज आणि मधूनमधून माणसाचा आवाज, असं दोन सुरांत शिकणं चाले. शिकवणारी मुलगी बाईंपेक्षा निम्म्या वयाची होती. पहिल्या दिवशी तिने ‘मी विद्यार्थी आहे’ आणि ‘हे सफरचंद आहे’ ही वाक्यं घेतली. बाईंनी हात वर केला.

“‘दांडी थांबेपर्यंत उजवीकडे फिरवा’ हे कसं म्हणायचं?”

“काकू, ते तिसऱ्या वर्षात येतं.”

“माझ्याकडे एकच वर्ष आहे.”

वर्गात एकदम शांतता पसरली. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच थांबलं. त्या दिवसापासून बाईंना पंख्याखालची जागा मिळू लागली, त्यांच्या चुकांना शिक्षिका हळुवार हसू लागली, आणि एक मुलगा रोज त्यांची पिशवी जिन्यावरून वर आणून देऊ लागला. बाईंना वाटलं, जपानी भाषेमुळे माणसं नम्र होतात. तशी नोंदही त्यांनी वहीत केली. तीन महिन्यांनी शिक्षिकेने डोळे पुसत विचारलं, “काकू, डॉक्टर नक्की काय म्हणाले?” तेव्हा उलगडा झाला. बाईंनी यंत्राची, चिठ्ठीची आणि समितीची सगळी हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली दुसरंच कोणी बसलं होतं.

पण हे पुढचं झालं. खरी लढाई पुस्तिकेशी होती, आणि पुस्तिका स्टोअरमध्ये होती.

“द्यायला हरकत नव्हती हो बाई,” स्टोअरकीपर म्हणाले. हे गृहस्थ भंगार समितीचे सभासदही होते, आणि कारखान्यातली कुठलीही वस्तू जागची हलली की त्यांना स्वतःचा दात हलल्यासारखं वाटे. “पण यंत्राला चिठ्ठी लागली की त्याच्या सगळ्या जोडवस्तूंनाही लागते. भंगाराचा कागद स्टोअरबाहेर जात नाही.”

“मग प्रत काढून द्या.”

“भंगाराची प्रत म्हणजे भंगार वाढवणंच की. नियमात बसत नाही.”

“वाचू तरी शकते?”

“इथे बसून. जेवणाच्या सुट्टीत. हात धुऊन.”

कारखान्यात रंगाच्या वाफा असतात, त्यामुळे मोबाइल दारावरच काढून ठेवावा लागे. फोटोची सोय नव्हती. तेव्हा बाई रोज सुट्टीत स्टोअरमधल्या एका उलट्या डब्यावर बसून हाताने पुस्तिका उतरवून काढू लागल्या. अर्थ कळत नव्हता. अक्षरं कसली, ती चित्रंच होती: घर, घरावर कौलं, कौलांवर कावळा, कावळ्याच्या पायात काडी. एक काडी कमी पडली तर घराचा अर्थ बदलून पोळपाट होत असेल, या भीतीने बाई भिंगातून बघत. सुट्टीत एक पान उरकलं तर उरकलं.

नवऱ्याने मदत म्हणून एकदा त्यांची वही मोबाइलमधल्या भाषांतरकाराला दाखवली. त्याने क्षणभर विचार करून सांगितलं: ‘घोड्याला तीन वेळा क्षमा करून वाळवा.’

“तुझं अक्षर,” नवरा म्हणाला.

“माझं अक्षर चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या अक्षराबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. त्या रात्री त्या जेवल्या, पण कमी.

शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. लोकांची पत्रं आयुष्यभर हाताखालून गेल्यामुळे सगळं ज्ञान पाकिटाच्या आतच असतं, असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, “वहिनी, तुमचा तो एकतीस आकडा पुस्तिकेत कुठे असेल?”

“शेवटी. बिघाडांचा तक्ता शेवटी असतो.”

“मग तुम्ही पहिल्या पानापासून का उतरवताय?”

“सुरुवात तिथून होते.”

“अहो, कुठलंही पत्र शेवटून वाचावं. खरी गोष्ट तिथेच असते. ‘ता.क.’ बघायचा आणि मोकळं व्हायचं!”

“पहिलं कळल्याशिवाय शेवटचं कसं कळेल?” बाई म्हणाल्या. नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण प्रयोग मधूनच सुरू करणारा माणूस बाईंच्या लेखी चोरीच करत होता. मग भले वर्ष एकच असो.

क्रमाने जायचं ठरल्यामुळे पहिले चार महिने केवळ धोक्याच्या सूचना आल्या. एकूण बावीस पानं. ती बाईंनी स्टोअरमध्ये उतरवली, वर्गात सोडवून घेतली, घरी घोकली. परिणामी त्यांची जपानी फक्त धोक्याची झाली. सासूबाई ओल्या हाताने बटण दाबायला गेल्या की स्वयंपाकघरातून जपानीत आरोळी येई. नवरा खुर्चीवर चढला की ‘अस्थिर पृष्ठभागावर ठेवू नये.’ दूध उतू गेलं की ‘विचित्र वास आल्यास त्वरित वीज बंद करावी.’ सासूबाईंना ही भाषा फारच आवडली. “किती काळजी करतात गं हे लोक,” त्या म्हणत. सहाव्या महिन्यापर्यंत त्यांना सतरा सूचना पाठ झाल्या होत्या. बाईंना बावीस.

शिक्षिकेने तोंडी परीक्षेत विचारलं, “काकू, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला काय करायला आवडतं?”

बाईंनी पुष्कळ विचार केला आणि जपानीत उत्तर दिलं: “उन्हात ठेवू नये.”

दहावा महिना संपता संपता त्या एकशे त्रेसष्टाव्या पानावर पोचल्या. बिघाडांचा तक्ता! स्टोअरकीपरसुद्धा उठून डब्यापाशी येऊन उभे राहिले. बाईंनी भिंग ठेवलं, बोट ठेवलं. एक, दोन, तीन. दहा. वीस. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.

त्याखाली रेघ होती. रेघेखाली काही नव्हतं.

“एकतीस?” स्टोअरकीपर म्हणाले.

बाईंनी पान उलटलं. मागे कंपनीचा पत्ता होता आणि मागे-पुढे कुठेही एकतीस नव्हता.

हे कळल्यावर दुसरं कोणी रडलं असतं. बाई प्रयोगशाळेत गेल्या आणि यंत्राभोवती तीन फेऱ्या मारल्या. पुस्तिकेत एकतीस नाही आणि यंत्रात आहे. यंत्र तर खोटं बोलत नाही. म्हणजे पुस्तिका या यंत्राची नाही. मग हे यंत्र कुठलं? यंत्राच्या पाठीला क्रमांकाची पट्टी असते, ही गोष्ट बाईंना पहिल्याच दिवशी माहीत होती आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ती शोधलीही होती. ती नव्हती. तिच्या जागी करडा रंग होता. अकरा वर्षांपूर्वी कोणी मोठे पाहुणे येणार होते म्हणून रंगाऱ्याने प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू एका रंगात न्हाऊ घातली होती: टेबलं, नळ, घड्याळाची चौकट, आणि यंत्राची पाठ.

बाईंनी बोळा घेतला आणि रंग उतरवायचं द्रावण लावलं. रंग ढिम्म. जास्त कडक द्रावण लावलं. रंग चमकायला लागला. खरवडणी घेतली, तर खरवडणीची धार गेली. तो कारखान्याचाच रंग होता. चिवटपणाच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला, आणि त्या कसोट्या घेऊन ‘उत्तम’ असा शेरा खुद्द बाईंनीच मारलेला. पुरते दोन दिवस त्या आपल्याच शेऱ्याशी झगडत होत्या. तिसऱ्या दिवशी पट्टीवरचा शेवटचा आकडा दिसला. पुस्तिकेवरच्या क्रमांकात तो तीन होता. इथे चार.

म्हणजे पुस्तिका आधीच्या यंत्राची होती. ते यंत्र बाई कामाला लागायच्या आधीच भंगारात गेलं होतं. जाताना चुकून नवीन यंत्राची पुस्तिका बरोबर घेऊन गेलं असणार.

घरी ही बातमी बाईंनी एका वाक्यात सांगितली. नवऱ्याने त्यांची वही उचलून नीट कपाटात ठेवली. पोस्टमास्तर मात्र मुद्द्यावर आले.

“शेवटून वाचलं असतं तर हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं, वहिनी.”

“हो,” बाई म्हणाल्या.

इतका सरळ होकार ऐकून पोस्टमास्तरच ओशाळले. “बरं, मागच्या पानावर पत्ता आहे म्हणालात ना? मग पत्र लिहा. अजून सात आठवडे आहेत. पत्राचं माझ्यावर सोपवा.”

पत्र चार ओळींचं झालं. त्याला नऊ दिवस लागले. शिक्षिकेने ते वाचून सांगितलं की व्याकरण ठीक आहे, पण सूर असा आहे की वाचणारा घर सोडून पळून जाईल. मग त्यात दोनदा ‘कृपया’ घातलं. पोस्टमास्तरांनी तिकिटं स्वतः चिकटवली, पाकीट हातावर तोलून पाहिलं, आणि टपालपेटीत टाकल्यावर पेटीला दोन थापा मारल्या.

मग वाट पाहणं. रोज संध्याकाळी बाई जिन्यात पोचायच्या आत पोस्टमास्तर वरूनच मान हलवत. तिकडे कारखान्यात खोक्यांचा पहिला गठ्ठा येऊन प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभा राहिला. आवक-जावकच्या कारकुनाने “बाई, तुमच्यासाठी उशी करून घेतोय खुर्चीला” असा निरोप पाठवला. माणूस खरंच चांगला होता, म्हणून बाईंना तो निरोप जास्त लागला.

बैठकीला तीन दिवस उरले असताना पोस्टमास्तर जिना उतरून खाली आले. हातात पाकीट होतं. ते त्यांनी फोडलं नव्हतं. त्यांच्या स्वभावाकडे पाहता हा मोठाच त्याग होता.

पत्र हाताने लिहिलेलं, लहान मुलाला लिहावं तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत. तरी बाईंना ते लावायला दीड तास लागला. लिहिणाऱ्याने कळवलं होतं: कंपनी आता अशी यंत्रं करत नाही. पत्र फिरत फिरत आपल्याकडे आलं. आपण तो विभाग सांभाळत होतो. आता वय झालं, घरीच असतो. पुस्तिका आपल्याकडेही नाही. यंत्राजवळ उभं राहून फोन करावा. खाली नंबर.

परदेशी फोनसाठी अर्ज लागतो. बाईंनी अर्ज दिला. खरेदीसाहेबांनी त्यावर लाल शाईने लिहिलं: ‘समितीसमक्ष करावा.’

आणि तो दिवस उगवला. फाटकाशी भंगाराचा ट्रक सकाळपासूनच येऊन उभा होता. प्रयोगशाळेत समिती बसली: खरेदीसाहेब, स्टोअरकीपर, आणि सुरक्षा अधिकारी. हे तिसरे गृहस्थ कशातच पडत नसत, पण सगळ्यात उभे असत. बाईंनी टेबलावरचा फोन यंत्राशेजारी ओढला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं, आणि नंबर फिरवला. एकेक आकडा पत्राशी ताडून पाहिला. 

“मोशि मोशि,” पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

बाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, आणि ते नळ फुटावा तसं आलं. बाईंना त्यातलं एक अक्षर लागलं नाही. वर्गातली सफरचंदं, पुस्तिकेतल्या सूचना, सगळं वाहून गेलं. स्टोअरकीपर खरेदीसाहेबांकडे बघून हळूच हसले.

“सावकाश,” बाई जपानीत म्हणाल्या. “कृपया. सावकाश.”

म्हातारबुवा थांबले. मग इतके सावकाश बोलू लागले की दोन शब्दांच्या मधे सुरक्षा अधिकाऱ्यांनी एक जांभई पूर्ण केली. यंत्र. चालू. करा.

बाईंनी बटण दाबलं. काचेत ३१. टक टक.

“पुन्हा एकदा.”

टक टक.

 फोन तुटला की काय म्हणून बाईंनी वायर तपासली. मग म्हातारबुवा एकच वाक्य बोलले. 

“काय म्हणतायत?” खरेदीसाहेबांनी विचारलं.

“मागचं झाकण उघडा.”

“सील आहे त्याला!” स्टोअरकीपर उभेच राहिले. “कलम नऊ! सील तुटलं की वस्तू आजच्या आज भंगार. मग चालू होवो की न होवो!”

“निर्मात्याने सांगितलं असेल तर चालतं,” खरेदीसाहेब म्हणाले. “कलम नऊचं पोटकलम. पण बाई, नक्की ‘उघडा’च म्हणाले? ‘उघडू नका’ नाही?”

बाईंनी वही उघडली. सबंध पुस्तिकेत सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य ‘मागचे झाकण उघडू नये’ हेच होतं; एकेचाळीस वेळा आलं होतं, त्यांनी मोजलं होतं. त्यांनी फोनवर विचारलं, “झाकण?” हो. “मागचं?” हो. “उघडायचं?” हो, हो. म्हातारबुवा चौथ्यांदा ‘हो’ म्हणाले ते न विचारताच.

“पंच्याण्णव टक्के खात्री आहे,” बाई म्हणाल्या.

“आणि उरलेले पाच?”

“ते माझ्या नावावर लिहा.”

त्यांनी पेचकस घेतला आणि सील तोडलं. आवाज लहानसाच झाला, पण स्टोअरकीपरनी डोळे मिटून घेतले. चार स्क्रू. झाकण निघालं. आत धूळ होती, दोन चाकं होती, आणि त्यांच्यावरून गेलेला काळा रबरी पट्टा, जो वाळून एका चाकाला चिकटून बसला होता. बाईंनी ‘काळं’ आणि ‘गोल’ आणि ‘हलत नाही’ एवढं सांगितलं. म्हातारबुवा म्हणाले, बोटाने चाक डावीकडे ढकला. बाईंनी ढकललं. हललं नाही. मग ते एक शब्द म्हणाले. बाईंना तो येत नव्हता. म्हातारबुवांनी तो पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा म्हटला. बाई घाबरून नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी म्हातारबुवांनी भाषेचा नादच सोडला आणि फोनमध्ये जोरात आवाज काढला:

“हंऽऽऽ हा!”

पाठीवर पोतं घेताना हमाल जसा आवाज काढतो, तसाच. समितीलासुद्धा कळला. बाईंनी दात आवळले, दोन्ही अंगठे लावले आणि ढकललं.

कट्.

“मोडलं,” सुरक्षा अधिकारी म्हणाले. दिवसभरातला त्यांचा हा पहिला शब्द.

बाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांनी ठरलेल्या दाटपणाच्या प्रमाणित तेलाची बाटली काढली, भांड्यात खुणेपर्यंत तेल ओतलं, दांडी बुडवली, बटण दाबलं. काच कोरी राहिली. मग दांडी एकदा थरथरली आणि फिरू लागली. आकडा चढत गेला: दोनशे, तीनशे सत्तर, चारशे नव्वद. आणि चारशे अठ्ठ्याण्णववर थांबला.

“पाचशे यायला हवा,” स्टोअरकीपर म्हणाले. बाटलीवर लिहिलेलं होतं.

“एक टक्क्याच्या आत आहे,” बाई म्हणाल्या. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाल्या, “पण पूर्वी चारशे नव्व्याण्णव यायचा.”

खरेदीसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. “यंत्र चालू आहे, हे दिसतंय. पण सीलचं काय? निर्मात्याची परवानगी नोंदवावी लागेल. त्यांना विचारा, झाकण उघडायला त्यांनी रीतसर सांगितलं, हे मान्य आहे का?”

बाईंनी शब्द गोळा केले, दोनदा अडखळल्या आणि विचारलं. म्हातारबुवा बोलायला लागले. या वेळी सावकाश नाही. चांगले दीड मिनिट बोलले. मधे त्यांचा आवाज खाली गेला, एका ठिकाणी ते थांबले, मग हसले, आणखी काही म्हणाले आणि गप्प झाले.

सगळे बाईंकडे बघत होते.

“काय म्हणाले?”

“हो म्हणाले म्हणा ना बाई,” स्टोअरकीपर कुजबुजले. दहा महिने त्यांच्या डब्यावर बाई बसल्या होत्या. माणसाला डब्याचंही नातं लागतं. “इथे कोणाला कळतंय?”

खरंच कोणाला कळत नव्हतं. एक ‘हो’ म्हटला असता तर लाल चिठ्ठी निघाली असती, खोकी गेली असती, उशी परत गेली असती. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“पहिलं वाक्य कळलं. परवानगी आहे, त्यांनीच सांगितलं, असं म्हणाले. मग पट्टा फार दिवस टिकणार नाही, नवा पाठवतो, असं काहीतरी. मग यंत्राच्या आवाजाबद्दल बोलले, आणि बहुतेक त्यांच्या बायकोबद्दल. त्यापुढचं कळलं नाही. निम्मं कळलं. निम्मं नाही.”

खरेदीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, सोळा वर्षं मी या समितीवर आहे. हजारएक माणसं इथे येऊन बोलून गेली. ‘मला कळलं नाही’ असं कोणी म्हटल्याची नोंद नाही.” त्यांनी यंत्राकडे पाहिलं. ते बिचारं फिरतच होतं. “ज्याला निम्मं कळलं नाही हे कळतं, त्याचं पहिलं निम्मं धरायला हरकत नसावी. लिहा हो.”

स्टोअरकीपर लिहायला बसले आणि साहेब सांगू लागले. “यंत्र समितीसमक्ष चालू. लाल चिठ्ठी काढली. सील निर्मात्याच्या सांगण्यावरून तोडले. परवानगी तोंडी, फोनवर, परभाषेत, अर्धी. सबब निर्णय एक वर्षापुरता. उरलेल्या अर्ध्याचा अर्थ प्रयोगशाळेने पुढील वार्षिक बैठकीत सादर करावा.”

“पण साहेब, बोलणं टेप कुठे केलंय?” स्टोअरकीपरनी विचारलं. “आता तो अर्धा मिळायचा कुठून?”

 समिती उठली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी चिठ्ठी नखाने सोडवायला घेतली. ती कोपऱ्यापुरती निघाली आणि फाटली. ट्रकला मोकळं जाऊ द्यायचं समितीच्या जिवावर आलं होतं, म्हणून जाता जाता खरेदीसाहेबांनी ट्रकमध्ये चढवायला दाराबाहेरची खोकी दाखवली.

खोलीत बाई उरल्या, यंत्र उरलं, आणि फोनमधून हलकासा श्वास ऐकू येत होता. म्हातारबुवांनी फोन ठेवलाच नव्हता.

बाईंनी खुर्ची ओढली. वहीचं कोरं पान काढलं, वर तारीख घातली, आणि जपानीत म्हणाल्या, “मला निम्मं कळलं नाही. सगळं पुन्हा एकदा सांगा. सावकाश, कृपया.”

पलीकडेही खुर्ची ओढल्याचा आवाज आला.